बाजूने काढलेला माणूस

चित्र समोर आलं की वुबित आधी डोळे बघायची. संग्रहालयात नोकरीला लागल्यापासूनची ती सवय. शाळांची पोरं आली की त्यांनाही ती तेच शिकवायची. "रंगबिंग नंतर. आधी डोळे. आपल्या चर्चमधल्या जुन्या चित्रकारांनी चांगला माणूस कायम समोरून काढला, दोन्ही डोळे दिसतील असा. वाईट माणूस बाजूने. एकच डोळा. सैतान घ्या, यहूदा घ्या, येशूला चाबूक मारणारे शिपाई घ्या, सगळे एकडोळे. का, तर त्यांची नजर आपल्या नजरेला भिडू नये." एवढं सांगितलं की पोरं भिंतीभिंतीने पळत सुटायची, हा चांगला, हा वाईट, हा पण वाईट, ह्याला तर शिंगं आहेत, आणि वुबित बाकावर बसून पायांना विसावा द्यायची. हा खेळ तिच्या अंगात इतका मुरला होता, की संध्याकाळी घरी जाताना गाडीत खिडकीशी कोणी बाजूने बसलेला दिसला तरी ती क्षणभर त्याच्याकडे संशयाने बघायची आणि मग स्वतःलाच हसायची. म्हणून त्या मंगळवारी, दिवंगत चित्रकार अलेका तेसेम्मांच्या मुलाने आणून दिलेलं कापडाचं भेंडोळं दालनाच्या फरशीवर उलगडलं गेलं, तेव्हाही तिने आधी डोळेच बघितले, आणि बघता बघता तिची नजर एका कोटावर येऊन अडकली. कोट तपकिरी होता आणि त्याचा डावा खिसा हिरवा होता.

अदिस अबाबात तपकिरी कोट ढिगाने होते. हिरव्या खिशाचा एकच. तो तिच्या बापाचा, बेयेने शिंप्याचा. ती त्याला अबाबा म्हणायची. गुलेलेच्या उतारावर एका दुकानाच्या ओट्यावर मशीन टाकून तो बसायचा. गिऱ्हाइकाच्या कपड्याला ठिगळ लावायचं तर धाग्याच्या रंगासाठी सारा बाजार पालथा घालणारा माणूस. पण स्वतःच्या कोटाचा खिसा फाटला तेव्हा बसकंडक्टरच्या गणवेशातून उरलेला हिरवा तुकडा लावून मोकळा झाला. वुबितची आई, जिला ती एमाये म्हणायची, त्यावरून त्याला जन्मभर टोचत राहिली. लोक म्हणतील, शिंप्याच्या घरी कापड नाही. तो म्हणायचा, लोकांना मी लांबून ओळखू येतो, बरं आहे की. आता त्याला पुरून कितीतरी वर्षं झाल्यावर तो तसाच लांबून ओळखू आला होता. आणि तो बाजूने काढलेला होता. एक कान, अर्धं नाक, अर्धी मिशी, आणि चित्राच्या चौकटीबाहेर कुठेतरी बघणारा एकच डोळा.

बाकीचं चित्र तिला त्यानंतर दिसलं. वर ओळीने निलगिरीची झाडं. त्यांच्याखाली केबेलेच्या, म्हणजे मोहल्ला समितीच्या आवाराचं पत्र्याचं फाटक. मधोमध हात मागे बांधलेली पोरं, सगळ्यांना संतांसारखे मोठाले दोन डोळे. उजवीकडे बंदुका घेतलेले रक्षक, टोपीवाला अध्यक्ष, डोक्यावर पोतं घालून बोट दाखवणारा एक माणूस, आणि ते सगळे नियमाप्रमाणे एकडोळे. डावीकडे मोहल्ल्यातली माणसं, पुढे रडणाऱ्या बायकांची रांग, मागे पुरुष. आणि ह्या डाव्या बाजूला, जिथे प्रत्येकाला दोन डोळे होते, तिथे एकटा तिचा बाप बाजूने. पोरांमधला सगळ्यात उंच पोरगा कोण हे कोणी सांगायची गरज नव्हती. त्याच्या कानावर जन्मापासूनचा पांढऱ्या केसांचा पुंजका होता. सिलेशी, तिचा भाऊ. लष्करी राजवटीच्या त्या काळाला गुलेलेत अजूनही कोणी नाव घेऊन बोलत नाही, नुसतं 'तेव्हा' म्हणतात. सिलेशी तेव्हा गेला. वुबितजवळ त्याचा एकही फोटो नव्हता, आणि आज तो फरशीवर आडवा पडून तिच्याकडे टक लावून बघत होता.

"इत्ये वुबित, घबाड आहे घबाड!" संचालक नेबियू गुडघ्यांवर बसून म्हणाला. परदेशात शिकून आलेला तरुण पोरगा. वयाने मोठ्या बाईला बहिणीच्या मानाने इत्ये म्हणायचं एवढी रीत मात्र विसरला नव्हता. "म्हातारा आयुष्यभर देवदूत रंगवत बसला असं आपल्याला वाटायचं, आणि हे बघा, पिठाच्या कोठीमागे काय दडवून ठेवलं होतं! हा पाहिलात का? कोटवाला? सगळे दोन डोळ्यांचे आणि हा एकटाच एकडोळ्या. फितूर! लोकांतच उभा असलेला फितूर. काय डोकं आहे! ह्याच्यावरच सगळं चित्र उभं आहे. पाटीवर हेच लिहू. शनिवारी उद्घाटनाला तुम्हीच समजावून सांगा, जुन्या गुलेलेतले लोक येणार आहेत. तुम्ही पण तिथल्याच ना? कोणी ओळखीचं दिसतंय का?" वुबित म्हणाली, "नाही." आणि नाही म्हणताना तिने मान खिडकीकडे वळवली. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने ती झटकन पुन्हा समोर आणली.

संध्याकाळी निळ्यापांढऱ्या गाडीत चौघांच्या बाकावर पाचवी म्हणून दबून बसताना ती स्वतःला समजावत होती, की हे शक्यच नाही, कारण त्या दिवशी अबाबा तिथे नव्हता. मुलांना केबेलेच्या आवारात उभं केलं तो दिवस घरात सगळ्यांना पाठ होता. त्या दिवशी अबाबा छोट्या वुबितला घेऊन शहराबाहेर सेबेताला गेला होता, एका लग्नघराचे कपडे पोचवायला. संध्याकाळी परत आले तेव्हा सगळं संपलेलं होतं. तिला सेबेता चांगलं आठवतही होतं. लिंबाचं झाड होतं, लग्नघराच्या दारात पिवळा कुत्रा बांधलेला होता, तिने त्याला इंजेराच्या भाकरीचा तुकडा टाकला तर तो त्याने नुसता हुंगला. कुठेतरी आत शिलाईमशीन चालू होतं, एकसारखं, धडधड धडधड. एवढं सगळं स्वच्छ आठवत असताना एका म्हाताऱ्या चित्रकाराने अबाबाला त्या आवारात आणून उभं करावं? तेसेम्माचा काहीतरी राग असेल. शिलाईवरून भांडण झालं असेल. चित्रकार लोक असेच असतात, ज्याच्याशी वाकडं त्याला नरकाच्या चित्रात बसवतात. एका चर्चच्या भिंतीवर तर सैतानाच्या भट्टीत कोळसे घालणाऱ्याचा चेहरा हुबेहूब तिथल्या खाटकाचा होता. हे आठवून तिला बरं वाटलं. मग गाडी उतारावर वळली आणि ते बरं वाटणं कुठच्या कुठे गेलं.

कारण एकदा शंका आली की माणूस आपल्याच घराची झडती घेऊ लागतो. अबाबा चर्चच्या आत कधी जात नसे. एमाये आत जायची, कणकीचा प्रसाद घेऊन यायची, आणि हा बाहेरच्या भिंतीला कपाळ टेकून उभा असायचा, अशुद्ध माणसं उभी राहतात तिथे. गुडघे दुखतात म्हणायचा. गुडघे दुखणारा माणूस तीन तास उभा राहतो? फोटोला तो कधी समोर बघत नसे. वुबितच्या लग्नाच्या फोटोतही तो बाजूलाच बघतोय, जणू दाराशी कोणी हाक मारलीय. घरी कॉफी व्हायची तेव्हा सगळे शेगडीभोवती तोंडाला तोंड करून बसायचे आणि हा दाराकडे वळून. आणि त्याच वर्षी, हो, त्याच वर्षी केबेलेच्या रक्षकांचे गणवेश शिवायचं काम त्याला मिळालं होतं. खाकी कापडाचे तागे घरात छतापर्यंत रचले होते, ती त्यांच्यावर चढून खेळायची. आता ह्याला काय म्हणायचं? सगळ्याच शिंप्यांना शिवावे लागले असतील, कोणाची नाही म्हणायची छाती होती! पण मग सिलेशीचं नाव कोणी दिलं? तिने डोळे मिटले तर मिटलेल्या डोळ्यांसमोर पोतं घातलेला माणूस आला, आणि पोत्याखाली अर्धी मिशी दिसते का हे ती वाकून बघू लागली. शेजारच्या बाईने विचारलं, "बरं नाही का वाटत, बाई?" तिने गाडी थांबवायला लावली आणि एक थांबा आधीच उतरून चालत गेली.

घरात कॉफीचे दाणे भाजल्याचा धूर भरला होता. एमायेच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, डॉक्टरकडे जायला ती तयार नव्हती. पण दाणे कधी काळे होतात हे तिला नुसत्या वासावर कळायचं. वुबितने चपला काढल्या न काढल्या तोच तिने विचारलं, "तेसेम्माचं चित्र आलंय म्हणे तुमच्याकडे." तिला कोणी सांगितलं ते विचारण्यात अर्थ नव्हता. चर्चच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना राजवाड्यातल्याही बातम्या आधी कळतात. "आलंय," वुबित म्हणाली. "मग सांग की. दिवसभर परक्यांच्या पोरांना सांगतेस, आईला सांगायला तोंड दुखतं?" चित्र सांगायचं म्हणजे वरून खाली, उजवीकडून डावीकडे सांगायचं. वुबितने झाडं सांगितली, फाटक सांगितलं, रक्षक सांगितले. एमाये कान देऊन कप पुसत होती. "आणि माझा सिलेशी?" "आहे." "पुंजका?" "तो पण आहे." "डोळे?" "दोन. मोठाले, एमाये. सगळ्यांत मोठे." म्हातारीने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर रडू आलं नाही. दुकानदाराने माल नीट मोजून दिल्यावर माणूस जशी मान हलवतो तशी ती हलली. "आणखी?" "आणखी काय, बाकी गर्दी." एमायेने कॉफीची दुसरी फेरी ओतली. कपात पडणाऱ्या धारेच्या आवाजावरून ती बरोबर काठाशी थांबली. "गर्दीला पण तोंडं असतील ना," ती म्हणाली. "असू देत. शनिवारी मला ने." "तुला काय दिसणार आहे तिथे?" "तू आहेस ना सांगायला."

मग वुबितने, जणू सहज आठवलं म्हणून, विचारलं, "एमाये, सेबेताच्या त्या लग्नघरी पिवळा कुत्रा होता ना गं?" म्हातारी क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली, "होता की. झाडाला बांधलेला." वुबितला तो दारात आठवत होता. कॉफी कडू लागली, तिने साखर घातली आणि ती गोडही लागेना.

दुसऱ्या दिवशी दालनात कोणी नसताना ती चित्राशेजारी फरशीवर बसली. शनिवारी तिला ह्याच्यासमोर उभं राहून बोलायचं होतं. गुलेलेतले लोक असणार, कोट ओळखणारे, त्या कोटाच्या मालकाच्या हातच्या पँटी घातलेले. डोळ्यांचा नियम सांगितला तर बाप फितूर ठरत होता, आणि तोही मुलीच्या तोंडून, आईच्या देखत. नियम न सांगावा तर इतकी वर्षं पोरांना शिकवलेलं सगळं खोटं. ती अबाबाच्या त्या एका डोळ्यात बघत राहिली. चित्रातला डोळा बाहेर बघत असतो, त्याच्यात फार वेळ बघता येत नाही, नजर आपोआप घसरते. तिची घसरली, कोटावरून खाली आली, आणि कोटाच्या खालच्या घडीला दोन पाय आहेत हे तिला दिसलं. लहान पाय. एकात बूट, एक अनवाणी. काल तिला ती घडीच वाटली होती. कोटाची उजवी बाजू पुढे ओढलेली होती, बापाचा रुंद हात तिच्यावर दाबलेला होता, आणि त्या हाताखाली एका पोरीचं डोकं होतं, पार कापडात बुडालेलं. केसांच्या वेण्या तेवढ्या बाहेर. तेसेम्माने तिला एक डोळाही काढला नव्हता आणि दोनही नाही.

थंडीत अंगावर घोंगडी घेताना ती हनुवटीच्या वर येऊ द्यायची नाही, ही वुबितची जुनी खोड. लोकर तोंडाला लागली की तिचा जीव गुदमरायचा. नवरा चेष्टा करायचा, राणीसाहेबांना मऊ लागतं सगळं. आता फरशीवर बसल्या बसल्या तिच्या गालात काहीतरी रुतलं. गोल, कडक, थंड. कोटाचं बटण. तिच्या नाकात कोळशाच्या इस्त्रीचा वास भरला, ओल्या लोकरीचा, घामाचा. बाहेर कोणीतरी भोंग्यातून बोलत होतं आणि कापडाआड त्याचे शब्द होत नव्हते, नुसता गुरगुराट. तिने डोकं हलवायचा प्रयत्न केला तर हात आणखी घट्ट झाला. आणि कानाशी मशीन चालू होतं, धडधड धडधड, एकसारखं, शिवण संपतच नव्हती. सेबेताला कोणाच्याही घरात मशीन नव्हतं. ते तिच्या कानाशी, कोटाच्या आत, अबाबाच्या छातीत चालू होतं. वुबितने दोन्ही तळवे फरशीवर टेकले आणि दगड गार आहे एवढंच ती बराच वेळ स्वतःला सांगत राहिली. लिंबाचं झाड अजून होतं. कुत्रा पण होता. ती त्यांच्याकडे बघत होती आणि ती दोघं तशीच स्वच्छ, रंगीत, हलत नव्हती.

चित्र गुंडाळून ठेवावं म्हणून तिने कापडाची कड उचलली. पिठाची पोती उसवून, जोडून केलेलं कापड होतं, मागच्या बाजूला गिरणीचे निळे शिक्के अजून दिसत होते. जोड असे घातले होते की कड कुठेच सुटी नाही, दुमडून आत घेतलेली, वर दुहेरी शिवण. आणि प्रत्येक शिवणीच्या शेवटी दोन टाके उलटे आणि एक आडवा. तिने बोटाने चाचपला. पुढची शिवण चाचपली. तिथेही तसाच. एमाये त्याला बेयेनेची गाठ म्हणायची; वुबितच्या शाळेच्या झग्याला ती होती, सिलेशीच्या सदऱ्याला होती, गुलेलेतल्या निम्म्या लोकांच्या कपड्यांना होती. कपडा फाटेल पण गाठ सुटणार नाही असं लोक म्हणायचे. म्हणजे हे कापड अबाबाने जोडून दिलं होतं. ज्या कापडावर तो एकडोळ्या म्हणून उभा राहणार होता, ते त्याने स्वतः मांडीवर घेऊन शिवलं होतं. त्याला माहीत होतं? की तेसेम्माने नुसतं कापड घेतलं आणि पुढे मनाला येईल ते काढलं? तिने विचार करायचा पुष्कळ प्रयत्न केला. पण विचाराच्या जागी तिच्या गालात ते बटण होतं.

शुक्रवारी नेबियू पाटीचा मजकूर घेऊन आला. "फितूर लिहू नका," वुबित म्हणाली. "मग काय लिहू? डोळ्यांचा नियम मला तुम्हीच शिकवलात, इत्ये. पहिल्याच दिवशी. मी तर परदेशातून दोन डोळ्यांचे सैतान बघून आलो होतो." "नियम खरा आहे." "मग?" "मग थांबा ना जरा! मेलेला माणूस कुठे पळून जात नाही." तिचा आवाज चढलेला बघून पोरगा निघाला. जाताना म्हणाला, "उद्यापर्यंत. पण इत्ये, लोक येऊन विचारणारच. चित्रात एकटाच वेगळा आहे तो." तो बरोबर बोलत होता, म्हणूनच तिला त्याचा राग आला. सगळेच गप्प उभे होते ना त्या दिवशी? सगळ्या मोहल्ल्याने माना खाली घातल्या होत्या. मग त्या सगळ्यांना दोन दोन डोळे आणि माझ्या बापालाच एक का? ही काय वाटणी झाली? तिला तेसेम्माला थडग्यातून ओढून काढून हे विचारावंसं वाटलं.

शनिवारी एमाये लोक यायच्या आधीच आली. पांढरं धुवट वस्त्र डोक्यावरून घेतलेलं, गळ्यात चांदीचा क्रॉस, ज्याचं एक टोक वुबितच्या जन्माच्या आधीच मोडलं होतं. वुबितने तिला हाताला धरून चित्रासमोर उभं केलं. चित्र आता भिंतीवर होतं. म्हातारीने मान वर करून त्याचा वास घेतला. "पीठ," ती म्हणाली. "अजून पिठाचाच वास आहे. सांग." वुबितने पुन्हा सुरुवात केली, झाडं, फाटक, रक्षक. एमायेने तिला मधेच तोडलं. "ते सांगून झालं मंगळवारी. तुझा बाप कुठे आहे?"

"अबाबा? तो तर सेबेताला..."

"वुबित."

बाहेर आवारात खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता. "डावीकडे," वुबित म्हणाली. "मागच्या रांगेत. कोट आहे अंगात."

"हिरवा खिसा काढलाय?"

"काढलाय."

"मेला तेसेम्मा," म्हातारी चक्क हसली. मग हसू ओसरलं. "समोरून काढलाय का बाजूने?"

वुबितला खोटं बोलता आलं असतं. तिने तोंड उघडलंही होतं. समोरची पांढरट बुबुळं तिच्याकडे लागलेली होती, त्यांना काही दिसत नव्हतं आणि तरी तिला त्यांच्यासमोर ते जमेना. "बाजूने," ती म्हणाली.

"म्हणजे ऐकलं शेवटी त्याचं."

"कोणाचं?"

"तुझ्या बापाचं. तेसेम्मा तयार नव्हता. किती दिवस ओट्यावर दोघांचं भांडण चाललं होतं, हळू आवाजात, मी आतून ऐकायची. तेसेम्मा म्हणायचा, बेयेने, डोकं फिरलंय का तुझं, एकडोळ्या काढला तर लोक तुला यहूदाच्या ओळीत बसवतील. हा म्हणायचा, मला माझी ओळ माहीत आहे, तू काढ, कापड मी शिवतो." एमायेने वस्त्राचा पदर नीट केला. "तो होता गं तिथे. तू पण होतीस."

"मी बघितलं मला," वुबित म्हणाली. "तोंड नाही काढलेलं."

"तेवढं तरी केलं त्याने. दिसू देऊ नको पोरीला, असं बजावलं होतं मी." ती बोलत होती ते रोजच्याच आवाजात, डाळ कुठे ठेवलीय ते सांगावं तसं. "भोंगा ओरडत फिरला. घरटी एक माणूस या, पकडलेली पोरं दाखवणार आहोत, ज्याचं त्याने ओळखा. वरच्या मोहल्ल्यात ज्या आईबापांनी ओळखलं ते पण पोरांबरोबर गेले. आपल्या सिलेशीने नाव सांगितलं नव्हतं, घर सांगितलं नव्हतं, मार खाऊन गप्प राहिला होता पोरगा. आपल्यासाठी. तर मी तुझ्या बापाला म्हटलं, जा, पण ओळख देऊ नकोस. तो म्हणाला, मला जमायचं नाही. त्याला बघितलं की मी धावेन. दारात उभा राहून थरथरत होता. मग मी तुला उठवलं आणि तुझा हात त्याच्या हातात दिला. एकच बूट सापडला घाईत. म्हटलं, आता धाव बघू."

कापडाआडून ऐकू येणारी ती धडधड आता वुबितला वेगळी ऐकू येत होती. तो धावत होता. जागच्या जागी, तिला धरून, सगळा वेळ तो धावतच होता, आणि ती त्याच्या पायात होती.

"सिलेशीने बघितलं त्याच्याकडे," एमाये म्हणाली. "तेवढ्यात ह्याने तोंड फिरवलं. रात्री मला एवढंच सांगितलं, नंतर कधीही नाही. सेबेता मी शिकवलं तुला. रोज थोडं थोडं. लिंबाचं झाड खरं होतं, पहिल्या वेळी गेलो होतो तेव्हाचं. कुत्रा मी घातला."

"पिवळा कुत्रा?"

"चांगला होता ना?"

वुबितला हसू आलं का रडू, तिचं तिलाच कळलं नाही. घशातून काहीतरी आवाज झाला एवढं खरं. म्हातारीने तिच्या दंडावर थोपटलं. "मी नाही ना त्यात?" तिने विचारलं. "मी असणार नाही. मी घरात होते, दाराला आतून कडी घालून."

तेव्हा कुठे वुबितने बायकांच्या रांगेकडे नीट बघितलं. मंगळवारपासून ती तिथेच होती, पुढून दुसरी. वुबितने तिला रोज बघितलं होतं आणि आई म्हणून इतकं सहज स्वीकारलं होतं, की ती तिथे कशी, हा प्रश्नच पडला नव्हता. "आहेस," ती म्हणाली.

"मी?"

"रडणाऱ्या बायकांत. गळ्यात क्रॉस आहे, टोक मोडलेला."

"रडायला तर बंदी होती. घरात सुद्धा उशी तोंडावर घेऊन..." एमाये थांबली. "खरंच रडतेय?"

"दोन्ही गालांवर पाणी आहे."

"म्हणजे डोळे?"

"दोन, एमाये."

म्हातारीचे ओठ हलत होते, हिशेब जुळत नसल्यासारखे. "हे तेसेम्माच्या डोक्यातलं नाही," ती शेवटी म्हणाली. "त्याला काय माहीत घरात काय झालं. बेयेनेने सांगून काढून घेतलं असणार. मला एका शब्दाने विचारलं नाही मेल्याने. जन्मभर चर्चच्या बाहेर उभा राहिला आणि मला आत पाठवत राहिला." तिने हात पुढे केला. तो हवेत चाचपडला. "कुठे आहे मी? ने माझा हात तिथे."

चित्राला हात लावायचा नाही, हे वाक्य वुबितने आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल त्याला गणती नव्हती. तिने आईचं मनगट धरलं, हात वर नेला, आणि सुकलेलं बोट रंगावर टेकवलं. बोट हळूहळू फिरलं. गाल सापडला, गालावरचा तेसेम्माने जाड रंगाने उठवलेला अश्रू सापडला, त्याच्या मागोमाग वर जाऊन डोळा सापडला. एमायेने त्याच्यावर अंगठा ठेवला आणि दाबून धरला. आता चित्रातली ती बाई एका डोळ्याने बघत होती.

दार उघडलं. नेबियूच्या मागून लोक आत आले, काठ्या टेकत, एकमेकांना आधार देत, गुलेलेचे म्हातारे, त्यांच्या लेकीसुना. काहींनी दारातच पांढरी वस्त्रं तोंडावर घेतली. "तो कोट बघ," कोणीतरी हलकेच म्हणालं, आणि कुजबूज मागच्या मागे पसरली. "आजी, हात काढा," नेबियू घाईने पुढे येत म्हणाला, "जुना रंग आहे, निघेल." एमायेने मानसुद्धा वळवली नाही. "सांग त्यांना," ती वुबितला म्हणाली.

वुबित लोकांकडे वळली. सगळ्यांचे चेहरे समोर होते. सवयीने तिच्या तोंडात ते जुनं वाक्य आलं, आधी डोळे बघा, आणि तिने ते गिळलं.

"हा कोटातला माणूस माझा बाप, बेयेने शिंपी," ती म्हणाली. "त्याच्या हाताखाली आहे ती मी. माझ्यामुळे त्याला हलता आलं नाही. आणि ही माझी आई. तिचा हात निघेपर्यंत आपण थांबू."